टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची आहे ते बघा

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराचं वायरिंग गेल्या पावसाळ्यात नव्याने करून घेतलं. ओळखीतून एक जण आला. "काका, पंचवीस वर्षं हेच करतोय," म्हणाला. परवाना विचारल्यावर आयटीआयचं प्रमाणपत्र दाखवलं. ते वेगळं आणि तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना वेगळा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लोड वाढवायला महावितरणला टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा ठेकेदाराच्या सहीचा दाखला, द्यावा लागतो. तोही त्यानेच आणून दिला. शिक्का भलत्याच ठेकेदाराचा. "आमचेच आहेत ते," एवढंच उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो.

दिवाळीत गिझरच्या नळाला हात लावताच आईला जोराचा झटका बसला. हात सुटला म्हणून वाचली. आजही ती त्या नळाला हात लावत नाही.

मग परवानाधारक ठेकेदाराला बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडून दाखवलं. अर्थिंगचा खड्डा खणलेलाच नव्हता, अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून दिली होती. गिझरच्या लाइनचा न्यूट्रल जोडावर सुटला आणि गिझरच्या पत्र्यात करंट उतरला. अशा जोडणीने आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, सारखा पडायचा, म्हणून त्या माणसाने त्याला वळसा घालूनच वायर नेली होती. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं तर खटका पडला, पण घरातले दिवे चालूच! तुमच्याकडेही हे आजच दाबून बघा. एसीसाठी चार एमएमच्या वायरचे पैसे घेतले होते. बोर्डात वीतभर चारची, भिंतीत मात्र दीडची निघाली.

बल्ब, पंखा, फ्यूज बदलणं निराळं. नवं वायरिंग किंवा त्यात वाढ करायची तर परवानाधारक विद्युत ठेकेदारच हवा, देखरेखीला प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याकडेही परवाना हवा. तिन्ही कागद काम सुरू होण्याआधी मागा, मुदत वाचा. रिपोर्टवर सही करणारा माणूस तुमच्या घरात येऊन गेला पाहिजे. आमच्या रिपोर्टवरचा ठेकेदार फोनवर सरळ म्हणाला, "मी घर पाहिलेलं नाही, सहीचे पैसे घेतो."

दोघांविरुद्ध विद्युत निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली आहे. भिंती पुन्हा फोडल्या. या वेळी मेगरचा (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचा) आकडा स्वतः वाचला, अर्थिंगचा खड्डा भरताना उभा राहिलो, आणि मगच प्लास्टर करू दिलं.