स्टोरीविव्हर: खान्देशातलं घर चित्रपुस्तकात आणायचं असेल तर

आईबाप ऊसतोडीला गेलेले आणि दोन पोरं गावात आजीजवळ. नंदुरबार-धुळ्याकडे असं घर शोधावं लागत नाही, बालपुस्तकात मात्र ते क्वचितच भेटतं. नवऱ्यामागे एकटीने संसार ओढणारी माय, दत्तक आलेली लेक, फुईकडे (आत्याकडे) वाढणारा भाचा यांचीही तीच गत. अशी घरं गोष्टीत आणू पाहणाऱ्या नव्या लेखकासाठी प्रथम बुक्स या बालपुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ आज सर्वांत सोपं दार आहे. २०१५ पासून ते चालू आहे, खातं फुकट उघडतं आणि मराठीत गोष्ट लिहून स्वतःच प्रसिद्ध करता येते. मात्र आत शिरण्याआधी परवान्याची अट नीट समजून घ्या.

इथली गोष्ट सीसी बाय ४.० या खुल्या परवान्याखाली जाते. म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही ती छापू शकतो, बदलू शकतो, अगदी विकूही शकतो, आणि एकदा दिलेली ही मोकळीक परत घेता येत नाही. मानधन किंवा रॉयल्टी मिळत नाही. ज्या गोष्टीतून पुढे पैसे मिळावेत किंवा प्रकाशकाकडे पुस्तक व्हावं असं वाटतं, ती इथे टाकू नका; ती ‘किशोर’सारख्या मासिकाकडे किंवा थेट प्रकाशकाकडे पाठवा. शिवाय इथे गोष्ट चढवली म्हणजे प्रथम बुक्सने छापील पुस्तक काढलं, असं होत नाही. ती निवड संपादक वेगळी करतात.

सुरुवात भाषांतराने करावी. चित्रं आणि पानं तयार असतात, आपण पानागणिक मजकूर भरायचा, आणि भाषांतरकार म्हणून नाव लागतं. गाडी अडते ती नात्यांवर. इंग्रजी गोष्टीतली ‘आंटी’ ही मावशी, फुई की मामी, हे गोष्ट शेवटपर्यंत वाचून आणि चित्रं पाहून ठरवा. पहिल्या पानावर घाईने ‘काकू’ लिहिलं आणि सहाव्या पानावर ती आईची बहीण निघाली, की सगळं पुन्हा करावं लागतं.

स्वतःची गोष्ट लिहिताना चार पातळ्यांपैकी एक निवडावी लागते: पहिली साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६००, तिसरी १५००, चौथी त्याहून मोठी. पहिल्या पातळीवर २५० हा आकडा गाठायलाच हवा असं नाही. नुकतं वाचायला लागलेल्या पोराला पानावर दोन छोटी वाक्यं पुरतात.

चित्रसंग्रहातून चित्रं फुकट घेता येतात, आणि गोष्टी बिघडतात त्या इथेच. चित्रं वेगवेगळ्या चित्रकारांनी वेगवेगळ्या गोष्टींसाठी काढलेली असतात. दुसऱ्या पानावर दोन वेण्या घातलेली मुलगी पाचव्यावर बॉबकटमध्ये दिसली, की लहान वाचक ‘ही कोण?’ म्हणून थांबतो. त्यामुळे एकाच चित्रकाराने एकाच गोष्टीसाठी काढलेला संच आधी धरा आणि मजकूर त्यावर बेता. सातपुड्यातलं पावरा घर किंवा केळीचा बाग हवा असेल तर गावातल्या चित्रकाराकडून काढून घ्या. पण चित्रंही त्याच खुल्या परवान्याखाली जातील, हे त्याला आधी सांगा आणि त्याची परवानगी लेखी घ्या.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आणलेला मजकूर चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात. अहिराणी लिहिणाऱ्यांनी ‘ऱ्हायना’मधला ‘ऱ्ह’ प्रत्येक पानावर तपासावा. तो तुटून ‘र्ह’ होतो.

अहिराणी कितपत घालायची? कथन प्रमाण मराठीत आणि बोलणं घरच्या भाषेत, हे लहान वाचकाला झेपतं. ‘माय, तू कव्हय येशी?’ एवढी एक ओळ फोनवरच्या चित्राखाली आली, तरी ते घर उभं राहतं.

घराची रचना समजावून सांगू नका. ‘चिंगीला बाबा नव्हते’ अशी सुरुवात केली की पुढचं सगळं पुस्तक कीव करत बसतं. त्याऐवजी ‘अंगणात तीन खाटा. एक आजीची, एक मावशीची, एक माझी’ असं लिहा. पोरं खाटा मोजतात आणि घर कळतं. चिंगीची अडचण हरवलेली शेळी किंवा हलणारा दात असू द्या.

प्रसिद्ध झालेली गोष्ट पीडीएफमध्ये उतरवून घेता येते. शाळेसाठी मधोमध पिन मारून छापायची तर एकूण पानं चारच्या पटीत बसवा, नाहीतर कोरी पानं राहतात. कागद वाचवायला शेवटचं श्रेयनामावलीचं पान गाळायचा मोह झेरॉक्सवाल्याला होतो. ते गाळू देऊ नका: लेखक, चित्रकार आणि परवाना यांची नोंद त्याच पानावर असते, आणि ती नसेल तर छपाई परवान्याबाहेर जाते.