आझुमिनोतील डब्यांची शाळा

जपानच्या नागानो प्रांतात, आझुमिनो परिसरातल्या मात्सुकावा गावातील चिहिरो कला संग्रहालयालगतच्या उद्यानात, तोमोए शाळेचे रेल्वेच्या डब्यांतले वर्ग २०१६ साली नव्याने उभे राहिले. तेत्सुको कुरोयानागी यांचे या शाळेतल्या आपल्या बालपणावरचे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठीतून वाचलेल्यांनी ही जागा अवश्य पाहावी. डबे तोमोएचे नाहीत, नागानोतल्याच रेल्वेचे जुने डबे आहेत. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी १९३७ साली तोक्योच्या जियुगाओका भागात सुरू केलेली मूळ शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. इथे एका डब्यात वर्ग आहे, दुसऱ्यात वाचनालय.

मांडणी मन लावून केलेली आहे, तरी केवळ डबे पाहून कोबायाशी उमगत नाहीत, म्हणून जाण्यापूर्वी पुस्तकाचा शेवटचा भाग, जिथे मोठे झालेले विद्यार्थी भेटतात, तो पुन्हा वाचावा असे मी आग्रहाने सांगेन. वाढ खुंटलेल्या एका मुलालाच जिंकता येईल अशा शर्यती कोबायाशींनी क्रीडादिनासाठी योजल्या होत्या, आणि त्यातून मिळालेला आत्मविश्वास त्या मुलाला पुढे नोकरीतही पुरला. दुसरा एक विद्यार्थी अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ झाला. स्वतः कुरोयानागींना पहिलीतच आधीच्या शाळेतून काढून टाकले होते. कोबायाशींनी पहिल्याच भेटीत त्यांचे बोलणे चार तास ऐकून घेतले आणि पुढे, तू खरोखर चांगली मुलगी आहेस, हे त्यांना वारंवार सांगितले. शाळेतून काढल्याची गोष्ट आईने त्यांना विशी उलटल्यावर सांगितली, तोवर त्या वाक्याने आपले काम केले होते. पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी कर्णबधिर कलावंतांच्या नाट्यकार्याला आधार दिला आणि १९८४ पासून त्या युनिसेफच्या सदिच्छादूत आहेत. एका मुख्याध्यापकाने एका मुलीचे ऐकून घेतले, त्याचा हा पल्ला मला फार मोठा वाटतो. कोबायाशी १९६३ साली वारले. १९८१ साली आलेले पुस्तक त्यांना पाहता आले नाही.

संग्रहालयही चुकवू नये. पुस्तकातील चित्रे ज्यांची आहेत त्या चिहिरो इवासाकी यांचे मूळ काम तिथे आहे, आणि त्याच्या संचालकपदाची धुराही कुरोयानागी यांनीच सांभाळली आहे. मात्सुमोतोहून ओइतो मार्गावरील गाडीने शिनानो-मात्सुकावा स्थानकावर उतरावे. हिवाळ्यात संग्रहालय बंद असते, त्यामुळे मुलांना घेऊन जायचे असल्यास वसंत ऋतूपासून पुढचा काळ निवडावा आणि डब्यांसाठी भरपूर वेळ राखून ठेवावा.