टब झकास, माती फसवी

फेब्रुवारीत बुटक्या कमळाची कुंडी बदलायची म्हणून टिळकवाडीतल्या एका नर्सरीतून टब आणि ‘कमळाची माती’ आणली. टब खरंच चांगला: गोल, बिनभोकाचा, दीड फूट रुंद, कंद कोपऱ्यात अडकत नाही. माती मात्र निम्मी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी ओतलं आणि सगळा भुसा वर, चहावर साय यावी तसा! शेवटी सासऱ्यांनी खानापूरकडच्या भाताच्या शेतातली चिकणमाती पोत्यातून आणून दिली. बोटाएवढा कंद आडवा ठेवला, कोंब मातीबाहेर. कोंब मोडला की तिथली वाढ संपली. वर चार बोटं पाणी. पंधरा दिवसांत नाण्याएवढी पानं तरंगली. दुकानदार लगेच खतही गळ्यात मारत होता. नाही घेतलं. पाण्याच्या वर उभी राहणारी पानं येऊ देत, मग बघू.