विचारांचे फुगे: आठ महिने वापरून

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). चेहऱ्यांची कार्डं त्याला केव्हाच पाठ झाली होती. ‘हा रागावलाय’, ‘ही घाबरलीय’, सगळं बिनचूक सांगायचा. पण समोर धाकटी बहीण रडू लागली की त्या कार्डांचा काही उपयोग नसे. मग स्पीच थेरपिस्टनी चित्रसंवाद सुचवला. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत.

सामान म्हणजे छोटा पांढरा फळा आणि रंगीत मार्कर. घडलेला प्रसंग काड्यांच्या माणसांनी काढायचा. कोण काय बोललं ते एका फुग्यात, मनात काय होतं ते दुसऱ्या, ढगासारख्या फुग्यात. आनंद हिरवा, राग लाल, दुःख निळं.

पहिले दोन महिने मी चुकत होते. बहिणीच्या मनातलं मीच लिहायचे आणि त्याला वाचायला लावायचे. तो मान डोलवायचा, बस. एकदा तिचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, ती रडू लागली आणि हा हसत सुटला. त्या संध्याकाळी मी त्याचाच फुगा रिकामा काढला आणि मार्कर त्याच्या हातात दिला. त्याने लिहिलं, ‘आवाज कानात टोचतो. कधी थांबेल?’ त्या हसण्यात मजा नव्हतीच! मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी ते हसणं चुकीचं वाचत आले होते. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं होतं, की एकमेकांना न समजणं दोन्हीकडून असतं. मग बहिणीने शेजारी आपला फुगा भरला: ‘मला वाटलं तू मला हसतोस.’ त्याने तो तीनदा वाचला.

दुसरा मोठा फायदा रिकाम्या फुग्याचा. जे पाहिलं नाही ते समोरच्याला माहीत नसतं, हे त्याला उमगत नसे. (सॅली बाहेर असताना ॲनने हलवलेली गोटी सॅली परत आल्यावर कुठे शोधेल, असं विचारणाऱ्या १९८५ च्या सॅली-ॲन चाचणीत २० पैकी १६ स्वमग्न मुलं इथेच अडली होती.) शाळेतली गोष्ट तो मधूनच सुरू करायचा. मी फळ्यावर शाळेच्या भिंतीबाहेर माझं चित्र काढून दाखवलं, डोक्यावर रिकामा फुगा. आता कधी कधी तोच विचारतो, ‘आई, तुझा फुगा रिकामा आहे का?’

उणिवाही आहेत. ऐन रडारडीत फळा काढू नका, सगळं शांत झाल्यावरच. एका फुग्यात दोन रंग त्याला बरेच आठवडे चालत नव्हते. आणि फळ्यावर समजलेलं खेळाच्या मैदानावर आपोआप येत नाही, तिथे तो अजून अडतो. मूल लिहीत नसेल तर ते सांगेल तसं तुम्ही लिहा, पण शब्द त्याचेच ठेवा.