जळगावची बॅडमिंटन टूर्नामेंट, लॉज आणि हुकलेला अजिंठा

पोरीची अंडर-१५ ची टूर्नामेंट होती, शुक्रवार ते रविवार, म्हणून आम्ही तिघं नंदुरबारहून सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने जळगावला गेलो, एक किटबॅग, दोन पिशव्या आणि बायकोने बांधून घेतलेले दशम्यांचे डबे. हॉलचं आणि लॉजचं नाव टाकत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

हॉल एक नंबर होता, खोटं कशाला बोलू. लाकडी फ्लोअरवर सिंथेटिक मॅट, आणि लाईट कोर्टाच्या बाजूंना, डोक्यावर नाही, त्यामुळे स्मॅशसाठी वर बघितलं तरी डोळे दिपत नाहीत. शटल हलतं म्हणून पंखे बंद ठेवतात, त्यामुळे डिसेंबरातही पोरं घामाघूम. आमच्याकडे फरशीवर खेळून गुडघे सोलून घेतलेली पोरगी मॅटवर पाय ठेवून माझ्याकडे बघून हसली ना, तिथेच माझे पैसे वसूल झाले भो.

आता रडगाणं. पहिली मॅच सकाळी साडेनऊला, पंधरा मिनिटांत संपली, पुढची थेट चार वाजता. मधले सहा तास काय करायचं? पार्किंगमधल्या लिंबाखाली चटया टाकून पन्नास-साठ आईबाप मोबाईल चार्जिंगला जागा शोधत बसलेले, कोणी मालेगावचं, कोणी अकोल्याचं, सगळे खिशात पैसे घेऊन आलेले आणि खर्च काय तर चहा आणि वेफर्स. शहराचा एक साधा कागद जरी ड्रॉच्या, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी त्या तक्त्याच्या, शेजारी चिकटवला असता, की जैन हिल्सवर गांधी तीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं म्युझियम आहे, रिक्षाने इतके लागतात, दोन-अडीच तासांत बघून होतं, तर अर्धे तरी लोक गेले असते. मला आठवलं म्हणून आम्ही गेलो. २०१२ साली राष्ट्रपती असताना प्रतिभाताई पाटलांनी त्याचं उद्घाटन केलं होतं, आणि त्या स्वतः याच गावच्या मूळजी जेठा कॉलेजात असताना टेबल टेनिसच्या चॅम्पियन होत्या, हे पोरीला सांगितलं तर म्हणते पप्पा हे आधी का नाही सांगितलं. घ्या आता!

लॉज म्हणजे रूम १४०० रुपये, गादी बरी, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, पण खेळणारी पोरं घामाने भरून येतात संध्याकाळी. काउंटरवाल्या भाऊला विचारलं तर म्हणे टायमिंग हेच आहे. तीन रात्री आख्खं लॉज टूर्नामेंटवाल्यांनी भरलेलं होतं आणि तरी कोणाला विचारावंसं वाटलं नाही की तुम्ही किती वाजता येता.

जेवणाला मात्र पैकीच्या पैकी. शनिवारी रात्री गल्लीतल्या एका खानावळीत भरीत खाल्लं, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचा सरकारी शिक्का आहे, केळीलाही आहे, पण त्या मावशींना ते सांगायला गेलो तर त्यांनी माझं ऐकलंच नाही, पोरीला म्हणाल्या, "जेवली का व माय, अजून घे." क्वार्टर फायनल हरल्यामुळे तोंड पाडून बसलेली पोरगी तीन भाकऱ्या खाऊन उठली.

आमच्याकडे सारंगखेड्याला दत्त जयंतीला घोडेबाजार भरतो तिथे बघा, माणूस घोडा बघायला जातो आणि दर्शन, तमाशा, भांडी, खाणं सगळं करून येतो. गावच्या जत्रेतली कुस्तीची दंगल पण तशीच. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने २०१४ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारली, असले पैलवान बघायला लोक लांबून येतात आणि येताना आख्खं घर घेऊन येतात. जे जत्रेवाल्यांना न शिकवता कळतं ते हॉलवाल्यांना का कळू नये?

सगळ्यात मोठा पचका शेवटी. रविवारी डबल्स संपली, म्हटलं सोमवारी अजिंठा करू, साठेक किलोमीटर तर आहे. लॉजवाल्यानेच गाडी ठरवून दिली, पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतला. सकाळी टपरीवर चहा पिताना टपरीवाला म्हणाला, भाऊ आज सोमवार, लेण्या बंद असतात. लॉजवाल्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं देव जाणे. भांडून अडीचशे परत मिळाले. मग मेहरूण तलावावर चक्कर मारली, मेहरूणची बोरं घेतली, दोन किलो वांगी घेतली आणि दुपारची गाडी पकडली.

पुढच्या वर्षी तिथेच असेल तर आम्ही गुरुवारी पहाटेच निघणार, आधी अजिंठा, मग मॅच. कोचला अजून सांगितलेलं नाही.