'कॅम्बर गेलाय' सांगून 14,200 घेतले, बेळगाव-खानापूरकडच्या गाडीवाल्यांनी हे वाचाच

गाडी आतल्या बाजूनं टायर खायला लागली की आपल्याकडं कुणीही तुम्हाला अलाइनमेंटला पाठवतो, आणि तिथं काय चालतं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. मशीन लावायचं, स्क्रीनवर लाल आकडे दाखवायचे, कॅम्बर (पुढनं बघितलं तर चाक वरच्या बाजूला आत-बाहेर किती कललंय ते) गेलाय म्हणायचं. हे सगळं ऐकून असूनसुद्धा माझे 14,200 रुपये गेले, आणि त्यांनी जे काम म्हणून केलं त्यात गाडीचं वाटोळं झालं त्याचे 6,400 वेगळे. 20,600 झाले. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही कारण ग्राहक आयोगात (ग्राहक कोर्टात) अर्ज दिलेला आहे, पण ही पद्धत एकाच दुकानाची नाही एवढं खात्रीनं सांगतो.

माझी 2017 ची स्विफ्ट. पावसाळ्यात जांबोटीवरनं चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन आलो, त्या रस्त्याची अवस्था पावसात काय असते ते जाणाऱ्यांना माहीत आहे, डावं चाक एका खड्ड्यात असं आपटलं की आत बसलेले सगळे उडाले. नंतर हळूहळू स्टेअरिंग सरळ धरलं तरी वाकडं दिसायला लागलं, आणि पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची नक्षी चांगली पण आतली पट्टी पार गुळगुळीत. गाडी धुताना चाक वळवलं म्हणून दिसलं, नाहीतर उभ्या गाडीत ती आतली बाजू दिसतच नाही. म्हणून पहिलं सांगणं हेच, महिन्यातनं एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून आतनं टायर बघत जा.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातनं जात नाही. दुकानातल्या पोरानं चारी चाकांच्या रिमला मशीनचे क्लॅम्प (चिमटे) लावले, मी स्क्रीनसमोरच उभा होतो. पुढच्या डाव्या चाकाचा कॅम्बर उणे 0.4 आणि हिरवा. मी माझ्या डोळ्यानं बघितला, हिरवा! मग तो पोरगा "क्लॅम्प जरा ढिला वाटतोय" म्हणत चाकाजवळ वाकला, कायतर केलं, उठला, आणि आकडा उणे 1.9, लालभडक. उजव्या चाकाला पण तेच. गाडी जागची हललेली नाही, चाक वळलेलं नाही, मग कॅम्बर दीड अंशानं बदलतो कसा? क्लॅम्प रिमवर तिरका बसवला की पाहिजे तो आकडा येतो, दुसरं काही नाही. क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी पुढंमागं ढकलून रिमचा तिरकेपणा मशीनला कळवायचा असतो, तेही केलं नाही. पण मागं गाड्यांची रांग, मला संध्याकाळी कोल्हापूरला लग्नाला पोचायचं, घरचे गाडीत बसलेले, आणि मालक इतक्या आपुलकीनं सांगतोय की "मामा, असंच चालवलासा तर नवीन टायर पण खातंय बघा, लेकराबाळांची गाडी आहे." अशा वेळी कुठला माणूस वाद घालत बसतो सांगा. डॉक्टरनं एक्सरे दाखवला की आपण मान हलवतोच की.

घेतलेले पैसे असे. दोन टायर 4,650 प्रमाणे 9,300. कॅम्बर काढायचे एका बाजूचे 1,500 प्रमाणे 3,000. चारी चाकांचं अलाइनमेंट 900. बॅलन्सिंग शिश्यासकट 840. नायट्रोजन 160. दहा हजार फोनवरनं दिले, बाकी 4,200 रोख मागून घेतले, आणि पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के जादा पडतील". हातानं लिहिलेली एक चिठ्ठी दिली, त्यावर ना जीएसटी नंबर ना गाडीचा नंबर. पक्क्या बिलाचे जादा पैसे पडू देत, ते घ्याच. त्या एका कागदावाचून मी आज सगळीकडं अडतोय.

कॅम्बर काढला म्हणजे काय केलं? साखळी अडकवून हायड्रोलिक जॅकनं स्ट्रट (चाकाला धरणारा शॉकचा खांब) ओढून वाकवला. स्विफ्टसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं कॅम्बर फिरवायची सोयच कंपनीनं दिलेली नाही, फक्त टो (वरनं बघितलं तर चाकांची पुढची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) तेवढा टाय रॉडवर, म्हणजे स्टेअरिंगकडनं चाकाकडं येणाऱ्या दांड्यावर, फिरवता येतो. कॅम्बर खरंच गेला असेल तर काहीतरी वाकलंय, ते शोधून बदलायचं असतं, धडधाकट पार्ट वाकवून आकडा हिरवा करायचा नसतो.

जेमतेम 3,200 किलोमीटर झाले, गाडी उजवीकडं ओढायला लागली आणि नव्या टायरची आतली कड परत गेली. मग उद्यमबागेकडच्या एका जुन्या मेस्त्रीकडं नेली. त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. आधी माझा तळवा धरून टायरवर ठेवला. आतनं बाहेर फिरवला तर गुळगुळीत, बाहेरनं आत ओढला तर नक्षीची धार बोटांना करकर लागली. ते म्हणाले, "ही धार टो-आउटची. नुसत्या कॅम्बरनं टायर एका बाजूनं झिजतो, पण अशी धार येत नाही." मग गाडी जॅकवर घेऊन चाक डावीकडं-उजवीकडं धरून हलवलं, टाय रॉडचा एंड खटखट वाजला. वरखाली धरून हलवलं तर काही नाही, म्हणजे बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट चांगला. खड्ड्यात जे गेलं होतं ते एवढंच! टाय रॉड एंडची जोडी 1,100, मजुरी 500, टो 400, एकूण 2,000 रुपयाचं काम होतं. आणि ज्या उजव्या स्ट्रटला जॅक लावला होता त्यातनं तेल गळत होतं. दोन्ही स्ट्रट बदलले, ते 6,400.

टो आणि धार कळायला मशीन लागत नाही, तळवा लागतो. टायर दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी, मधे झिजला तर हवा जास्त, जागोजागी खड्डे पडले तर शॉक किंवा बॅलन्सिंग बघा. चाकाचा खेळ न तपासता जो थेट मशीन लावतो त्याच्याकडनं गाडी काढून घ्या.

घरी येऊन अलाइनमेंट मशीनचा प्रिंट नीट वाचला तेव्हा रक्त तापलं. वर गाडीचं मॉडेल दुसरंच, एका मोठ्या गाडीचं, म्हणजे मर्यादाच चुकीच्या. आणि मागच्या चाकांचा टो 'आधी' लाल, 'नंतर' हिरवा. मागं एक नटसुद्धा कुणी फिरवला नाही, आणि स्विफ्टच्या मागच्या ॲक्सलला पत्री घातल्याशिवाय टो फिरतच नाही. मग हिरवा झाला कसा? चारी चाकांचे 900 घेतले ते ह्याच खोट्या हिरव्याचे.

हा प्रिंट घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. आधी म्हणाले अर्ज कन्नडमधे आणा, शेजाऱ्याकडनं लिहून घेऊन दिला. मग साहेब नाहीत, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. साहेब भेटले तर म्हणाले हे दिवाणी मॅटर, ग्राहक कोर्टात जावा. पोच मागितली तर तोंड वाकडं. दुकानदाराला बोलावलं तर तो माझ्याआधी येऊन खुर्चीत बसलेला, आणि मी टॅक्स भरणारा माणूस दारात उभा, आणि मलाच विचारतायत की तुम्ही स्वतः पैसे दिलेत ना, जबरदस्ती केली का कुणी. जबरदस्ती नाही केली म्हणून फसवणूक होत नाही का? आरटीओत विचारलं तर गॅरेज आमच्याकडं येत नाही. दुकानाला लायसन्स देणाऱ्यांकडं गेलो तर आम्ही फक्त फी बघतो. मग ह्या मशीनचं कॅलिब्रेशन बघणारा कोण? भाजीवाल्याच्या तराजूवर शिक्का मारायला माणूस येतो, आणि ज्या मशीनच्या भरवशावर घाटात गाडी घालायची त्याला विचारणारा कोणी नाही. टायर कंपनीला मेल केला तर "अलाइनमेंटमुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही", म्हणजे दोष कुणाचाही असो, भुर्दंड माझाच.

एका वकिलानं अर्जाचे 15,000 सांगितले. देऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला अर्जाची फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. चंदगडवाल्यांनी बेळगावात गाडी केली असली तरी ते कोल्हापूरला अर्ज देऊ शकतात. 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवून नंबर घ्या, तो पुढं जोडता येतो.

टायर घेताना बाजूवर DOT लिहिलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा. माझ्या 'नव्या' टायरवर 3921 होतं, म्हणजे 2021 सालचा 39वा आठवडा, आणि मी घेतले 2024 मधे. जुने टायर दुकानात सोडू नका, मी सोडले आणि पुरावा गेला. मशीन चालू असताना फोनवर व्हिडिओ काढा, चाकाजवळ वाकणारा हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा. काढू दिला नाही तर निघून या.

माझ्या अर्जाची तारीख अजून लागलेली नाही. ज्यांच्याकडं असा प्रिंट आहे की मागच्या चाकाला हात न लावता आकडे बदललेत, त्यांनी तो फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. जेवढे जास्त असतील तेवढं आयोगासमोर दाखवता येईल.