नोज स्ट्रटच्या नावाखाली मला ३,२७५ डॉलरला बुडवलं

नोज स्ट्रट म्हणजे विमानाच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा दांडा. त्याच्या दुरुस्तीत मी फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर लपवायला जागा उरणार नाही. ३,२७५ डॉलर. त्यात ६४० सील बदलण्याचे, २८५ शिमी डॅम्परचे (चाकाची थरथर दाबणारा भाग) आणि २,३५० स्ट्रटच्या एका ‘ओव्हरहॉल केलेल्या’, म्हणजे पूर्ण दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या, नळीचे. फायरवॉलचा, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीचा, खर्च यात धरलेला नाही, तो पुढे येईलच. बायकोला मी अजून दोन हजारच सांगितलेत.

माझं विमान सेसना १७२, एका इंजिनाचं, चार आसनांचं. ज्यांनी हे विमान सांभाळलंय त्यांना पुढच्या चाकाच्या स्ट्रटची कटकट समजावून सांगायला नको. आत खाली लाल हायड्रॉलिक तेल, वर दाबाखाली नायट्रोजन किंवा कोरडी हवा. धक्का बसला की तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद तिथे जिरते. वायू फक्त वजन तोलून धरतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण सगळी लबाडी त्यातच बसते. तेल न घालता नुसता वायू ठासला तरी विमान नाक वर करून ऐटीत उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, स्ट्रट ठणठणीत आहे.

माझा स्ट्रट दर आठवड्याला बोटभर खाली बसायला लागला होता आणि चकचकीत नळीवरून तेलाचा ओघळ यायचा. म्हणजे ओ-रिंगा, तेल अडवणारी रबरी कडी, गेल्या, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या हँगरमधल्या दोघांनी एका मेकॅनिकचं नाव सुचवलं. हँगरवर येऊन काम करतो, पटकन करतो, टायरमध्ये हवा फुकट भरून देतो. (फुकट हवा! माझ्या अकलेची किंमत तिथेच ठरली.) परवाना मागितला तर फोनवर फोटो दाखवला. मीही मान डोलावली. परवान्याचा फोटो म्हणजे परवाना नव्हे. नंबर उतरवून घ्या आणि जिथून तो दिला गेला तिथे विचारा, मग माणूस कितीही गोड बोलो.

“साहेब, तुम्ही कशाला थांबता? अडीच तासांत उरकतो,” तो म्हणाला. मी गेलो. आता पुढचं शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

हा स्ट्रट उघडायचा तर शेपटीकडे वजन देऊन नाक उचलावं लागतं. वायू पूर्ण सोडायचा. टॉर्क लिंक (वरची आणि खालची नळी जोडून ठेवणारी बिजागरीसारखी कात्री) सोडवायची, लॉक रिंग काढायची, मग कुठे खालची नळी बाहेर येते. ओ-रिंगा बदलायच्या, नळी आत दाबून व्हॉल्व्हच्या भोकापर्यंत तेल भरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत नळी वरखाली करायची. शेवटी नाक हवेत असतानाच दाब द्यायचा. माझ्या विमानाच्या पुस्तिकेत ४५ पीएसआय लिहिलंय, तेही चाकावर भार नसताना. यातलं काहीही केलं तरी खाली फरशीवर लाल तेल सांडतंच. चिंध्या भिजतात. वास दोन दिवस जात नाही.

मी परतलो तेव्हा फरशी कोरडी होती. नाक मात्र झकास वर. “नवीन सील किट टाकलंय, आता दोन वर्षं बघायचं नाही,” म्हणाला. मी खाली वाकलो आणि टॉर्क लिंकच्या बोल्टवरून बोट फिरवलं.

त्या नटावर पिवळ्या रंगाची खुणेची रेघ असते. नट आवळल्यावर नट आणि लिंक या दोन्हींवर मिळून ओढतात, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. आदल्या वर्षीच्या तपासणीत ज्यांनी ती ओढली त्यांचा हात शेवटी घसरला होता आणि रेघेला स्वल्पविरामासारखी शेपटी आली होती. तो स्वल्पविराम मला पाठ होता. दर उड्डाणाआधी मी तो बघतो. त्या दिवशी तो जसाच्या तसा होता. रेघ अखंड, शेपटीसकट. म्हणजे तो बोल्ट कुणी हलवलाच नव्हता, आणि तो हलवल्याशिवाय नळी बाहेर येत नाही. आणि मला काय वाटलं? वाटलं, किती सफाईने काम केलंय माणसाने!

६४० डॉलर दिले. रोख.

अकरा दिवसांत नाक पुन्हा खाली. उतरल्यावर धावपट्टीवर पुढचं चाक थरथरायला लागलं, रडरच्या पेडलमधून पायाला झिणझिण्या. फोन केला तर म्हणाला की हा शिमी डॅम्परचा दोष आहे, स्ट्रटचा नाही. शिमी डॅम्पर खराब असू शकतो, टॉर्क लिंकची बुशं झिजलेली असू शकतात, चाकाचा तोल गेलेला असू शकतो, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. चांगली थाप अशीच असते, तिच्यात अर्धं खरं असतं. २८५ डॉलर. डॅम्परवर नवा रंग आला, आत काय आलं ते देव जाणे. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. जुन्या ओ-रिंगासुद्धा. चपट्या झालेल्या, नखाने मोडणाऱ्या. त्या मिळाल्या नाहीत तर पैसे देऊ नका.

थरथर थोडी कमी झाली, पण नाक बसतच राहिलं. आता त्याने खरं दुखणं सांगितलं. नळीचा क्रोम गेलाय, खड्डे पडलेत, नवं सील किती टाकलं तरी ते खड्डे सील कापत राहणार. सुदैवाने त्याच्याकडे एक ओव्हरहॉल केलेली नळी होती, कागदपत्रांसह, पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. संध्याकाळपर्यंत सांगा. २,३५०. मी बँकेतून पाठवले, चार वाजायच्या आत. होय, हे सगळं ऐकलेलं होतं. ‘आजच सांगा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत हे मी स्वतः लोकांना सांगत आलोय.

या वेळी काम खरंच झालं. नळी बदलली, रेघ तुटली, नवी सरळ रेघ आली. आणि हे लिहिताना आजही कान गरम होतात. नवी रेघ बघून मला बरं वाटलं. अरे, या वेळी रेघ तुटली, मग पहिल्या वेळी का नाही तुटली? इतकं साधं. रात्री जुने फोटो चाळताना तो स्वल्पविराम समोर आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर तिसऱ्या उड्डाणाचं उतरणं होऊन गेलं होतं. मुख्य चाकं टेकली, नाक खाली आलं आणि धाडकन आवाज झाला. स्ट्रटने काही झेललंच नाही. या विमानात पुढचं चाक थेट फायरवॉलला जोडलेलं असतं, त्यामुळे तळाशी आपटलेला स्ट्रट सगळा धक्का त्या पातळ पत्र्यावर नेतो. पत्र्याला सुरकुती पडली. प्रोपेलर जमिनीला लागला नाही एवढंच नशीब, नाहीतर इंजिन उघडावं लागलं असतं. फायरवॉलचा अंदाज ६,१२० डॉलर.

दुसऱ्या इंजिनिअरने माझ्यासमोर स्ट्रट उघडला. अर्धा कपही तेल निघालं नाही, तेही काळं. ओ-रिंगा जुन्याच, कडा चौकोनी झालेल्या. ‘नवी’ नळी म्हणजे घासून चमकवलेलं भंगार, नख फिरवलं की खड्डा लागत होता. सर्टिफिकेटवर ‘ओव्हरहॉल्ड’ लिहिलेलं, पण शेऱ्याच्या रकान्यात कुठल्या मॅन्युअलनुसार ओव्हरहॉल केलं ते नाही. खऱ्या कागदावर ते असतं. ज्या वर्कशॉपचं नाव छापलं होतं तिथे विचारलं, तर तो नंबर त्यांच्या एका चाकाच्या कागदाचा निघाला. पाच मिनिटांचं काम. पैसे देण्याआधी पाच मिनिटं नव्हती मला.

मी मूर्ख आहे असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, मी करायला काय हवं होतं? अमेरिकेच्या नियमांत मालक-वैमानिकाला स्ट्रटमध्ये तेल किंवा हवा भरता येते, पण तो उघडून सील बदलणं त्या यादीत नाही. तिथे परवानाधारकावर विसंबावंच लागतं. आणि खोट्या कागदांचं म्हणाल तर २०२३ मध्ये उघड झालेल्या एओजी टेक्निक्स या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सीएफएम५६ या जेट इंजिनांचे भाग बनावट कागदांवर मोठमोठ्या विमान कंपन्यांच्या ताफ्यात शिरले होते. त्यांच्याकडे कागद तपासायला अख्खे विभाग आहेत. माझ्याकडे चष्मा आहे.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांनी विचारलं, वस्तू चोरीला गेली का? नाही, उलट एक जास्तीची मिळाली. मग गुन्हा कसला? हा तांत्रिक विषय, विमान वाहतूक खात्याकडे जा. खात्याने लिहिलं, हा दोन पक्षांमधला आर्थिक वाद आहे, पोलिसांकडे जा. मी पोलिसांचं पत्र खात्याला आणि खात्याचं पोलिसांना पाठवलं. दोघांनीही पोच दिली. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. विमा कंपनी म्हणाली, देखभालीतला दोष पॉलिसीत बसत नाही. खोटं सर्टिफिकेट घेऊन मी स्वतः खात्याच्या कार्यालयात गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी मूळ प्रत ठेवून घ्यायला नकार दिला, कारण जावक क्रमांकाशिवाय आवक होत नाही. सुरक्षेशी संबंधित बनावट कागद, प्रत्यक्ष हातात, आणि त्यांना जावक क्रमांक हवा!

तक्रार करणार असाल तर पहिल्याच दिवशी एकाच अर्जात सगळं लिहा, फोटोंवर तारीख ठेवा, नळी परत करू नका. तो “बदलून देतो” म्हणेल. दिली की पुरावा गेला. माझ्याकडून त्याने दोनदा मागितली. आणि रोख देऊ नका. माझ्या ६४० चा तर कागदच नाही.

एकूण चार महिन्यांत खात्याचं एकच पत्र वेळेत आलं. विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते, असं त्यात लिहिलंय. स्ट्रट सदोष असताना तीन उड्डाणं का केलीत याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा आणि मूळ लॉगबुक घेऊन हजर राहावं. पत्र माझ्या नावाने आहे. तो माणूस गेल्या शनिवारी पलीकडच्या रांगेत एका विमानाच्या टायरमध्ये हवा भरत होता.